सगळं धरून, दोन रात्री

"हात पुढे करा, काका," रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली. अण्णांनी हात पुढे करायच्या आधी माझ्याकडे पाहिलं.

तिने त्यांच्या मनगटाभोवती निळी प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळली आणि चाप दाबला. "ही काढायची नाही हं, आंघोळीलासुद्धा नाही. ही हातात असली की कुठेही, काहीही मागा. नाश्ता, जेवण, चहा, सरबत. पैसे कुणालाच द्यायचे नाहीत."

"कुणालाच न्हाई?"

"नाही काका. सगळं धरून आहे."

"आणि आपणहून द्यायचे म्हटले तर?"

मुलगी हसली. मीही हसले. विट्याच्या एसटी स्टँडवर तीस वर्षं कंट्रोलर म्हणून काढलेला माणूस. नियम नीट समजून घेतल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मला वाटलं, त्यातलाच हा प्रकार. सतरा वर्षं झाली या गोष्टीला, पण ते हसू आठवलं की अजून माझं मला नकोसं होतं.

मग मुलीचं लक्ष अण्णांच्या पिशवीकडे गेलं. जाड कापडाची, तोंड सुतळीने आवळलेली पिशवी. ती त्यांनी गाडीतही मागच्या सीटवर ठेवू दिली नव्हती, मांडीवरच धरली होती.

"यात खाण्याचं काही आहे का काका? बाहेरचं खाणं आत नेता येत नाही. आम्ही नाव लावून ठेवतो, जाताना परत मिळेल."

"घरच्या दशम्या हाईत. आणि चटणी."

"ते इथेच ठेवावं लागेल."

अण्णांनी पिशवी सोडली नाही. मागे एक गुजराती कुटुंब खोळंबलं होतं, त्यांच्यातली पोरं चुळबुळत होती. मी वाकून हलक्या आवाजात म्हणाले, "अण्णा, अहो इथे पन्नास पदार्थ मांडलेले असतात. नंदनने वर्षभर पैसे साठवून हे बुकिंग केलंय, आणि तुम्ही शिळ्या दशम्या घेऊन बसणार? लोक काय म्हणतील?"

मीच पिशवी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि काउंटरवर ठेवली. त्यांची बोटं जरा घट्ट होती एवढं मला जाणवलं.

आई जाऊन तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं. वर्षश्राद्धाला मी गेले तेव्हा अण्णा वाळून गेलेले दिसले. शेजारच्या शेवंताकाकू भाकरी-कालवण द्यायच्या, रक्तातल्या साखरेच्या गोळ्या डबीत मोजून ठेवलेल्या असायच्या, सगळं वेळेवर. पण घरात माणूस नाही. पुण्याला आमच्याकडे राहायला ते कधी येतच नसत. आले तरी सकाळच्या गाडीने येऊन दुपारच्या गाडीने परत. म्हणून नंदनने, माझ्या नवऱ्याने, ही युक्ती काढली होती. वेंगुर्ल्याच्या पुढे समुद्राकाठचं मोठं रिसॉर्ट, मेच्या अखेरीचा स्वस्त हंगाम, दोन रात्री, जेवणखाण सगळं धरून. "घरी नाही राहत तर बाहेर तरी राहतील," तो म्हणाला. अण्णा नाही म्हणणार म्हणून मी आधीच रडायला बसले होते. त्यावर ते चटकन "बरं" म्हणाले, याचंच मला नवल वाटलं.

आणि खरं सांगायचं तर ती सहल फक्त अण्णांसाठी नव्हती. पंधरा दिवसांपूर्वी मुलासाठीचा आमचा तिसरा प्रयत्न फसला होता. इंजेक्शनं, तपासण्या, वाट पाहणं, आणि शेवटी डॉक्टरांनी आकडे लिहिलेला कागद टेबलावरून आमच्याकडे सरकवणं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. पुढे काय करायचं ते आम्हाला दोघांना कुठेतरी बसून बोलायचं होतं, आणि घरात ते बोलणं होत नव्हतं.

पहिल्या रात्री जेवायच्या हॉलमध्ये अण्णांनी भलंमोठं ताट भरून घेतलं. पुलाव, तीन भाज्या, पुरी, खीर. मला बरं वाटलं. नंदनला ऑफिसचा फोन आला, तो बोलत बाहेर गेला. मी गोडाच्या टेबलाकडे गेले, तिथे जिलबी गरम तळत होते म्हणून थांबले. परत आले तर अण्णांचं ताट उचललं गेलं होतं.

"झालं एवढ्यात?"

"झालं की. दुपारचं जरा जड झालं होतं."

दुपारी आंबोलीच्या अलीकडे गाडी थांबवली तेव्हा त्यांनी त्यांच्या पिशवीतल्या दोन दशम्या खाल्ल्या होत्या. धाब्याच्या टेबलावर आमच्याबरोबर बसले होते, पण खाल्लं स्वतःचं, आणि पाणीही स्वतःच्या बाटलीतलं. "भायेरचं सोसत न्हाई मला," म्हणाले होते.

खोलीत आल्यावर मी गोळ्यांची डबी काढली. विसरतात म्हणून मी समोर उभी राहून गोळी द्यायची, हे मीच ठरवलं होतं. "जेवलात ना नीट? मग ही घ्या." त्यांनी बाटलीतून घोटभर पाणी घेऊन गोळी गिळली. बाटलीत पाणी थोडंच उरलं होतं, ती मी भरायला घेतली तर म्हणाले, "असू दे, असू दे," आणि बाटली उशाशी घेतली.

सकाळी मी उठले तर अण्णांची खोली रिकामी. शोधत वर फाटकापर्यंत गेले तर ते चढणीच्या रस्त्याने खाली येत होते, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला.

"कुठे गेला होतात?"

"फिराय. वर कुठं टपरी हाय का बघितलं चहाची. सगळ्या बंद करून ठेवल्यात. पावसाळ्याआधी गुंडाळत्यात म्हणं."

"टपरी कशाला शोधता? इथे हवा तेवढा चहा आहे. फुकट आहे."

"फुकट कसं असंल गं?" ते म्हणाले. "कुणीतरी दिलेलेच असत्यात की पैसे."

मला राग आला. नंदनने एवढ्या हौसेने केलेल्या गोष्टीला नाक मुरडल्यासारखं वाटलं. "अण्णा, त्याच्यासमोर असं काही बोलू नका हं," मी म्हणाले. ते मान हलवून पुढे चालू लागले. रिसेप्शनपाशी थांबून त्यांनी मुलीला काहीतरी विचारलं, तिने हसून नाही म्हणून मान हलवली. नंतर कळलं, पिशवी मागत होते. चावी मॅनेजरकडे, आणि मॅनेजर दुपारनंतर येणार.

"नाश्ता?" मी विचारलं.

"तुम्ही उठायच्या आधीच झाला माझा. सहालाच उघडतंय त्ये."

पहाटे पाचला उठणारा माणूस. मी विश्वास ठेवला. का ठेवू नये? जिथे सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत कुठल्या ना कुठल्या टेबलावर काही ना काही वाफाळत असतं, तिथे कुणी उपाशी असेल ही शंका तरी कुणाला येणार? घरी असतो तर एका भाकरीचा हिशेब लागला असता. इथे कोण कधी काय खातं याचा पत्ता कुणालाच नव्हता. मी सकाळची गोळी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली, आणि त्यांनी ती गिळेपर्यंत समोरून हलले नाही.

दुपारच्या जेवणालाही तेच. "मी आत्ताच उठलो टेबलावरनं. तुम्ही जेवा निवांत." तोंड सुकलेलं दिसत होतं, पण उन्हाने कुणाचंही सुकतं. दोनच्या सुमाराला आम्ही होडीने पलीकडच्या वाळूवर गेलो. अण्णा म्हणाले, "मी जरा पडतो."

पलीकडे कुणी नव्हतं. नंदन वाळूत बसला. मग म्हणाला, "हेमा, आता बस करू या."

"का? पैसे संपले म्हणून?"

"तू संपत चाललीस म्हणून."

मी त्याच्यावर ओरडले. काय काय बोलले ते आता सांगण्यासारखं नाही. तो ऐकून घेत राहिला, आणि ते ऐकून घेणंच मला जास्त लागलं. शेवटी म्हणाला, "अण्णांना सांगायचं का?"

"अण्णांनी नऊ वर्षांत एकदा तरी विचारलंय? ना आईने विचारलं, ना त्यांनी. त्यांना काही पडलेलीच नाही याची."

हे मी बोलले. परतीच्या होडीत आम्ही दोघं दोन टोकांना बसलो.

साडेतीनला मी अण्णांच्या खोलीचं दार ढकललं. ते कॉटच्या कडेला बसले होते. खोलीत एसीचा गारठा होता आणि अण्णांच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. ते शर्टाची गुंडी लावायचा प्रयत्न करत होते आणि बोटं इतकी कापत होती की गुंडी काजाशी पोचतच नव्हती.

"अण्णा?"

"कराड गाडी लागली का?" त्यांनी विचारलं. "पाच नंबरला घ्या म्हणावं. पाच नंबरला."

साखर उतरली की काय होतं ते मी आईकडून शंभरदा ऐकलं होतं. "नंदन!" मी किंचाळले. "साखर उतरलीय यांची! डॉक्टर बोलाव!" खोलीतल्या छोट्या फ्रिजमधून संत्र्याच्या रसाची बाटली काढली, झाकण दातांनी तोडलं आणि ती त्यांच्या ओठांना लावली. "अण्णा, प्या. पटकन प्या."

त्यांनी तोंड मिटून घेतलं.

"अण्णा, हे औषध आहे. एक घोट."

मान जोरात डावीकडे, उजवीकडे. रस हनुवटीवरून शर्टावर सांडला. मी पुन्हा बाटली लावली तर त्यांनी हाताने ती दूर लोटली. त्या थरथरत्या हातात एवढा जोर कुठून आला कोण जाणे.

नंदन फोन कानाला लावूनच आत आला. "डॉक्टर गावातून निघालेत, पाऊण तास लागेल म्हणतात. हेमा, ऐक. ते म्हणतात, शुद्धीवर आहेत तोवर काहीही गोड पाजा. एकदा शुद्ध हरपली की तोंडात थेंबही घालायचा नाही, श्वासनळीत जाईल."

"अरे पण पीतच नाहीत!"

"मी हात धरतो, तू पाज."

त्याने हात धरले. अण्णांनी दात आवळले. माझ्या बापाचं तोंड मी बोटांनी उघडायला बघत होते, आणि ते माझ्याकडे असे पाहत होते, जणू मी कुणी परकी त्यांच्या घरात घुसले आहे. हळूहळू त्यांच्या पापण्या जड व्हायला लागल्या. नंदनने घड्याळ पाहिलं. सात मिनिटं गेली होती.

तेवढ्यात माझा आरडाओरडा ऐकून जेवणघरातली एक बाई धावत आली, हातात साखरेची वाटी आणि लिंबाचं सरबत. चाळिशीची, केसांवर जाळी, छातीवर नावाची पाटी: सुगंधा. अण्णांना बघून तिने कपाळावर हात मारला.

"काय सांगलंय मी आजोबांका! खावा म्हणान किती सांगलंय!" मग माझ्याकडे वळली. "ताई, रागावू नका, पण तेंनी काल रातीपासून तुमच्यातला कायेक खाल्ल्यानी नाय."

"काय म्हणताय? ताट भरून घेतलं होतं काल त्यांनी."

"भरून घेतल्यानी आणि तसाच परत पाठवल्यानी. माझ्याच हातात दिल्यानी ताट. मगे माका वायच बाजूक बोलावन इचारल्यानी, पैसे देवन काय मिळात काय? मी म्हटलंय, हयसर पैसे चलनत नाय. माझ्या डब्यातली अर्धी भाकरी दिलंय, ती मात्र खाल्ल्यानी. आज माझी दुपारची पाळी. सकाळी कोणी दिला नसतला." ती घडाघडा बोलत होती, आणि बोलता बोलता साखर सरबतात ढवळत होती.

"पण का? का नाही खाल्लं?" नंदनने विचारलं.

ती थांबली. माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"माका म्हणाले, ह्या सगळा माझ्या लेकीच्या घरचा. तिका पोर होईपर्यंत आमी तिच्या घरचा पाणी पण घेत नाय." आणि घाईने म्हणाली, "आमच्यात पण जुनी माणसा पाळतत, ताई."

मला ती रूढी माहीत नव्हती असं नाही. आमच्या भागात आजही कुणी कुणी पाळतं. पण अण्णा? देवाला हातसुद्धा न जोडणारे, युनियनच्या सभेत बुवाबाजीची टिंगल करणारे, मला हट्टाने कॉलेजला धाडणारे अण्णा? आणि मग नऊ वर्षं एकामागून एक माझ्यासमोर उभी राहिली. "आत्ताच खाऊन आलो." "पोट बिघडलंय." "दुपारची गाडी चुकंल." स्वारगेटच्या खानावळीत जेवून मग आमच्याकडे येणं. आई माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून मला पोळ्या लाटून द्यायची, पण एक तुकडा तोंडात टाकायची नाही. म्हणायची, माझा आज उपास. किती उपास होते त्या बाईचे! मी एकदाही वार तपासला नाही. आणि कुणी मला एका शब्दाने दुखावलं नाही. दुखवायला लागू नये म्हणूनच तर दोघं माझ्या दारात उपाशी राहिले होते.

"आजोबानु," सुगंधा त्यांच्यापुढे खाली बसली, "ही साखर माझी. माझ्या घरची. घेवा."

"पट्टीचं हाय त्ये," अण्णा पुटपुटले. शब्द जिभेवर घसरत होते. "सगळं पट्टीचं हाय." मान छातीवर लवंडली. नंदनने ती वर उचलून धरली.

"हेमा, जातायत ते," नंदन म्हणाला. एवढंच म्हणाला. दहा मिनिटं झाली होती आणि डॉक्टर अजून वाटेतच होते.

मी सुगंधाच्या हातातून पेला घेतला. अण्णांचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"अण्णा. अण्णा, ऐका माझं. मला दिवस गेलेत."

पापण्या हलल्या.

"खरंच सांगते. तुम्ही आजोबा होणार आहात. आता हे माझ्या घरचं नाही, तुमच्या नातवाच्या घरचं आहे. त्याच्या घरचं तरी घ्याल की नाही?"

नंदनकडे बघायची माझी छाती झाली नाही. तो कागद पंधरा दिवसांपूर्वी त्यानेच घडी करून खिशात ठेवला होता.

अण्णांनी डोळे उघडले. कष्टाने मान वळवली आणि जावयाकडे पाहिलं. माझ्याकडे नाही, त्याच्याकडे.

"व्हय, पाव्हणं?"

नंदनने मान खाली घातली. मला वाटलं, संपलं. हा सरळ माणूस, याला आयुष्यात धड खोटं बोलता आलेलं नाही.

"हो अण्णा," तो म्हणाला. "आज संध्याकाळी सांगणारच होतो आम्ही."

अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग त्यांनी तोंड उघडलं.

मी घोट घोट पाजलं. पहिला घोट अर्धा सांडला, दुसरा गिळला. पेला संपला, तसा सुगंधाने दुसरा भरला. तिने भाताची पेज मागवली, मीठ-साखर घालून चमच्याने भरवली. पंधरा मिनिटांनी त्यांच्या हाताचं कापणं थांबलं. डॉक्टर आले तेव्हा अण्णा भिंतीला टेकून बसले होते आणि आपल्या भिजलेल्या शर्टाकडे बघून ओशाळे झाले होते. डॉक्टरांनी बोट टोचून साखर पाहिली, सलाईन लावलं, गोळ्या दोन दिवस बंद केल्या, आणि बाहेर येऊन म्हणाले, "आणखी दहा-पंधरा मिनिटं गेली असती तर अवघड होतं."

डॉक्टर गेल्यावर मी व्हरांड्याच्या पायरीवर बसले. नंदन शेजारी येऊन बसला.

"मला माफ कर," मी म्हणाले. "दुसरं काही सुचलं नाही."

"त्यात काय माफ करायचं?" तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "तू बोललीस ना, तेव्हा क्षणभर मलाही खरं वाटलं. सगळं माहीत असून." आणि हा माझा नवरा, जो तिन्ही वेळा दवाखान्यातून कोरड्या डोळ्यांनी मला घरी घेऊन आला होता, तो गुडघ्यांत डोकं घालून हमसाहमशी रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. दुपारी त्या वाळूवर त्याला काय काय बोलले होते!

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आमच्याबरोबर नाश्त्याला आले. स्वतः जाऊन ताट घेतलं. दोन इडल्या, उपमा, उकडलेलं अंडं. समोर बसून सावकाश सगळं खाल्लं आणि बिनसाखरेचा चहा मागवला. सुगंधा लांबून बघत होती, तिला त्यांनी हात केला. मी मात्र घास नुसता चिवडत होते. आता विचारतील: कितवा महिना? कुठल्या डॉक्टरकडे? शेवंताकाकूंना कळवू का? एकेका प्रश्नाला एकेक खोटं तयार ठेवलं होतं.

त्यांनी काहीच विचारलं नाही.

निघताना पिशवी परत मिळाली. दशम्यांना बुरशी आली होती, त्या त्यांनी बाहेर पडल्यावर एका गाईपुढे टाकल्या. आंबोलीचा घाट गेला, कोल्हापूर गेलं. अण्णा खिडकीतून उसाचे फड बघत होते, मधूनच डुलकी काढत होते. दर वेळी त्यांनी खाकरून घसा साफ केला की नंदनची बोटं स्टिअरिंगवर घट्ट व्हायची. आता काय वाईट झालं म्हणून सांगायचं, कधी सांगायचं, फोनवर की समोर? एका म्हाताऱ्याला आनंदाचा पेला पाजून तो परत कसा मागायचा? पाच तास आम्ही तिघं त्या गाडीत बसलो होतो, आणि हवापाणी सोडून कुणी कशाबद्दल बोललं नाही.

विट्याला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. अण्णांनी कुलूप काढलं, आम्हाला बसवलं, स्वतः चहा टाकला. मला राहवेना. आत्ताच सांगून टाकावं आणि जे व्हायचं ते होऊ द्यावं. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले.

"अण्णा, ते काल मी जे सांगितलं..."

"साखर उतरली होती," अण्णा चहात आलं किसत म्हणाले, "डोस्कं न्हवतं गेलं माझं."

मागे नंदन येऊन उभा राहिला होता.

"पाव्हणं, तुमचं तोंड बघितलं तवाच कळलं. आनंदाची बातमी मान खाली घालून कुणी सांगतंय व्हय?"

"मग... मग प्यायलात का?" मी विचारलं.

अण्णांनी किसणी खाली ठेवली. "तुझ्या आईनं धरलं होतं हे. माझा काडीचा विश्वास न्हवता कशावर. मी तिला म्हणायचो, अगं खुळे, तू नाही खाल्लंस म्हणून लेकीला पोर हुतंय काय? तर म्हणायची, झालं तर? ती गेली तशीच, न खाता. मग मला मोडवंना." चहा उतू जायला आला तसा त्यांनी गॅस बारीक केला. "पर काल ह्ये बघितलं. पोरीनं सगळ्यांदेखत आपल्या जखमेला हात घातला. पाव्हण्यांनी त्यावर व्हय म्हटलं. कशासाठी, तर ह्यो म्हातारा जगावा. मग मी काय तोंड मिटून बसू? तसं मेलेलं तुझ्या आईलाबी आवडलं नसतं."

"पण आईचं..."

"तिचं माझं मी बघून घेतो. लई वर्षं संसार केलाय, एवढं ऐकंल माझं." त्यांनी चहा तीन कपांत गाळला, नंदनच्या हातात कप दिला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "झालं तेवढं पुरे. आता पोरीला आणि तुम्हाला त्या सुया नकोत. मूल न्हाई तर न्हाई. मी हाय की अजून." मग माझ्याकडे वळले. "रविवारी येतो पुण्याला. जेवाय. काय करशील?"

"तुम्ही सांगाल ते."

"भाकरी कर. आणि वांग्याचं कालवण."

त्या रविवारी मी पहाटेच उठून पीठ काढलं, परात पुढे ओढली, आणि हात पिठात तसाच राहिला. माहेरी असताना अण्णा चार भाकऱ्या खायचे. आता वय झालेलं, साखरेचं दुखणं मागे लागलेलं. आता दोन खातील की तीन? नंदनने दारातून विचारलं, "काय झालं? अशी का बसलीस?" काय सांगणार? नऊ वर्षं संसार केला होता, आणि माझ्या बापासाठी भाकऱ्या किती थापायच्या, हेच मला माहीत नव्हतं.